मास्तरला आनंद होऊ नये म्हणून

"आज घरी जाल ना, तेव्हा जरा आनंदात जा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यानं चमकून मान वर केली. वाईट बातमीची तयारी तो घरून करूनच निघाला होता. कुत्र्याच्या मूत्राशयातली गाठ वाढली असणार, औषध पुरं पडत नसणार, एवढं त्याला काल सोनोग्राफी करताना बाईंनी पडद्याकडे बघत जो लांब श्वास सोडला त्यावरूनच कळलं होतं. आज तो एकटाच निकाल ऐकायला आला होता. तो त्यानं मान खाली घालून ऐकला, मधेमधे हं हं केलं, अगदी शहाण्या माणसासारखं. पण हे आनंदात जाण्याचं काही त्याच्या तयारीत नव्हतं. गेली कित्येक वर्षं ह्याच बाई, ह्याच खुर्चीत बसून, ह्याच बोटानं टेबलावर टकटक करत त्याला बजावत आल्या होत्या की घरात शिरताना आनंद अजिबात दाखवायचा नाही. जन्मभर एखाद्याला भाजीपाल्यावर ठेवावं आणि शेवटच्या दिवशी म्हणावं, बसा, आता वाट्टेल ते खा, तसलाच हा प्रकार.

"आनंदात म्हणजे कसं?" त्यानं विचारलं.

"कसं म्हणजे? चारचौघं जातात तसं. पूर्वी जायचात तसं."

"पूर्वी मी कसा जायचो?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "ते मला काय ठाऊक? मी काय तुमच्या दारामागे उभी होते? अहो, बाकीच्या मालकांना मी सांगते, तो खातो का बघा, शेपूट हलवतो का बघा. त्यांचा सगळा अंदाजपंचे कारभार. तुमच्या मास्तरचं तसं नाही. त्याला आनंद झाला की डोळ्यांना दिसतो. म्हणून म्हणते, जा, खुशीत आत शिरा. तो आखडला, पडला, तर समजा त्याला अजून जगण्यात गोडी आहे. मग थांबू काही दिवस. आणि नुसता बघत राहिला, तर संध्याकाळी घेऊन या. मी थांबते. त्याला काही कळणार नाही, एक सुई, बस्स."

आणि आता तो आपल्याच घराच्या दारासमोर, दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या चौकात, हातात किल्ली धरून उभा होता. आत मास्तर होता, बायको होती, आणि आत शिरल्याबरोबर ज्याचं उत्तर मिळणार होतं तो प्रश्न होता. किल्ली फिरवायला क्षणसुद्धा लागत नाही. अडचण किल्लीची नव्हती, चेहऱ्याची होती. आनंदी माणूस दारातून आत कसा शिरतो ह्याचा तो मघापासून विचार करत होता, आणि त्याला एकही माणूस आठवत नव्हता.

मास्तर म्हणजे स्कॉटिश टेरिअर. आखूड पायांचा, काळा, लांबुळक्या डोक्याचा, दाढीवाला. भुवया अशा दाट आणि पुढे आलेल्या की तो नुसता बघायला लागला तरी समोरच्याला वाटावं, आपला गृहपाठ राहिलाय. म्हणून मास्तर. त्याचं खरं नाव बरंच लांबलचक होतं, ते मेहुण्याला पाठ होतं. मेहुण्याला शुद्ध रक्ताचं वेड. स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं तर छताकडे बघायचा, पण मास्तरच्या खापरपणजीनं कुठल्या स्पर्धेत कोणाला हरवलं ते झोपेतून उठवलं तरी सांगायचा. पिल्लू टोपलीतून घेऊन आला त्या दिवशी सोफ्यावर मांडी ठोकून म्हणाला होता, "ताई, साधंसुधं समजू नकोस. ह्याचे आजोबा आणि पणजोबा एकच आहेत!" बायको म्हणाली, "अगंबाई, म्हणजे?" "म्हणजे रक्त बाहेर गेलंच नाही!" मेहुणा अशा थाटात म्हणाला की जणू ते रक्त तो स्वतः दारावर पहारा करून अडवून बसला होता. पुढे डॉक्टरीणबाईंनी त्याचा अर्थ सांगितला. लोकांना दाढी हवी होती, म्हणून दाढीवाले निवडले. पाय आखूड हवे होते, म्हणून आखूड पायांचे निवडले. पुन्हापुन्हा त्याच घरात लग्नं लावली. दाढी आली, भुवया आल्या, आणि त्यांच्या मागोमाग गपचूप, कुणी न बोलावता, ही दुखणीही आली आणि पाहुण्यासारखी आली ती राहिलीच. "ह्या जातीत मूत्राशयाचा कर्करोग इतर कुत्र्यांच्या कितीतरी पट," बाई म्हणाल्या होत्या, "आणि आयुष्य म्हणाल तर साधारण अकरा-बारा. तुमचा अगदी वेळेवर आहे." वेळेवर. जशी काही गाडी फलाटाला लागणार होती.

पण ते अलीकडचं. पहिलं दुखणं आलं ते मास्तर अजून वर्षाचाही नव्हता तेव्हा. तो संध्याकाळी कामावरून आला, ह्याच दारातून, आणि पिल्लू आतल्या खोलीतून सुसाट पळत आलं. अर्ध्या वाटेत त्याचे मागचे पाय ताठ झाले. मग पाठ कमानीसारखी वर आली, पुढचे पाय लाकडासारखे फाकले, आणि ते कोलांटी खाऊन त्याच्या बुटांपाशी येऊन आडवं पडलं, लाथ मारलेल्या चौरंगासारखं, चारही पाय हवेत. बायकोनं किंकाळी फोडली. त्याला वाटलं, गेलं. पण डोळे लख्ख उघडे होते आणि त्याच्याकडे बघत होते, आणि शेपूट, तेवढी एक शेपूट, फरशीवर टपटप टपटप वाजत होती.

"ह्याला आनंदानं आखडायला होतं," डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. "ह्या जातीत असतं. मेंदूत एक रसायन कमी पडतं. खूप खूष झाला की अंगाला ब्रेक लागत नाही. दुखत नाही त्याला, शुद्धही जात नाही. आयुष्यही कमी होत नाही ह्यानं. पण जिन्यात पडला, रस्त्यात पडला तर मान मोडायची. गोळ्या आहेत, पण सुस्त होऊन पडून राहील. त्यापेक्षा आनंद होऊ देऊ नका."

"कोणाला?" बायकोनं विचारलं.

"कुत्र्याला हो! आणि त्याला होऊ नये म्हणून तुम्हालाही. कोरडं राहायचं. घरात शिरलं की त्याच्याकडे बघायचंच नाही."

बायको घरी येईपर्यंत डोळे पुसत होती. तो मात्र गप्प होता, आणि त्या गप्प बसण्याच्या आत काहीतरी भलतंच चाललं होतं, जे त्यानं तेव्हाही कोणाला सांगितलं नाही आणि नंतरही नाही. त्याला बघून कुणाला आनंद झाला होता. नुसता झाला नव्हता, पाय वर करून पडण्याइतका झाला होता, आणि एका शिकल्यासवरल्या डॉक्टरनं तपासून त्यावर शिक्कामोर्तब केलं होतं. लग्न ठरवायला गेला तेव्हा बायकोची आई त्याच्याकडे बघून म्हणाली होती, "मुलगा शांत आहे." तो काम करायचा त्या लॅबमध्ये तो रजेवर असला तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणाच्या लक्षात यायचं नाही. आणि इथे एक जीव त्याच्या नुसत्या येण्यानं लाकूड होत होता.

तसं त्याचं कामच हसण्याचं होतं. तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर साचे पाठवायचे, तो त्यात प्लास्टर ओतायचा, मेणाची हिरडी करायचा, आणि तिच्यात एकेक दात बसवत जायचा. मेणावर एक आडवी रेघ मारून आलेली असायची, तिला लॅबमध्ये हसण्याची रेघ म्हणतात. पेशंटला हसायला लावून ती मारायची, म्हणजे माणूस हसला की ओठ कुठवर वर जातो ते कळतं आणि दात तेवढेच दिसतील असे बसवता येतात. आयुष्य त्यानं दुसऱ्यांच्या ह्या रेघेवर काढलं. संध्याकाळी टेबल आवरताना ओळीनं ठेवलेल्या कवळ्या त्याच्याकडे बघून हसत असायच्या, ओठ नाहीत, गाल नाहीत, नुसतं हसणं. एकदा गडबडीत एका न्यायाधीशाची कवळी एका गवयाला गेली आणि गवयाची न्यायाधीशाला. लॅबच्या मालकाला घाम फुटला. पण आश्चर्य म्हणजे दोघांनाही बसली, दोघांनीही परत केली नाही, आणि गवयाच्या बायकोनं तर फोन करून सांगितलं की हे आता घरात फार कमी बोलतात, आभारी आहोत.

तर घरात कोरडेपणा सुरू झाला. नियम ठरले. बाहेरून येणाऱ्यानं दार हळू उघडायचं, हाक मारायची नाही. बूट काढताना भिंतीवरच्या विजेच्या मीटरकडे बघायचं. पिशवी ठेवायची, हात धुवायचे, मग खुर्चीत बसून वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचं. मास्तर येऊन पायाशी बसला की थोड्या वेळानं, चुकून लागल्यासारखा, एक हात खाली सोडायचा. आणि एवढं करूनही तो आखडलाच, तर भिंतीकडे तोंड करून रटाळ बोलायचं, तो सैल होईपर्यंत. "उद्या दुपारी पाणी येणार नाही म्हणे." "कोपऱ्यावरचा लोहार दुकान हलवतोय." बायको ह्यात तरबेज झाली. तिनं एकदा डाळ निवडण्यावर इतकं लांबलचक बोलून दाखवलं की मास्तर सैल तर झालाच, वर घोरायला लागला.

पाहुण्यांची पंचाईत व्हायची. त्यांना दारातच सांगावं लागायचं, कृपा करून आम्हाला भेटून आनंद झाल्यासारखं करू नका. त्याची मावसबहीण चार वर्षांनी आली होती, ती हे ऐकून उंबऱ्यातूनच परत फिरली आणि अजून बोलत नाही. मेहुण्याच्या वाढदिवसाला बायकोनं चोरून फुगे लावले, सगळे एकदम ओरडले, आणि मास्तर ताठ होऊन बुटक्या स्टुलावरच्या केकमध्ये तोंडावर पडला, दाढीसकट. मेहुणा म्हणाला, "घराण्याचा आब आहे, पडतो तरी कसा पाहा, सरळ!" मुलगी कॉलेजात पहिली आली ती बातमी तिनं स्वयंपाकघरात दार लावून, कुजबुजत सांगितली. तिला नोकरी लागली, ती दुसऱ्या शहरात गेली. तिला दिवस गेल्याचा फोन आला तेव्हा मास्तर त्याच्या पायावर डोकं ठेवून झोपला होता, म्हणून तो म्हणाला, "बरं." मग मुलगी म्हणाली, "बाबा, मास्तर जवळ आहे ना?" "हो," तो म्हणाला. "मग ठीक," ती म्हणाली. पण ते ठीक ज्या आवाजात आलं तो आवाज त्याला ओळखीचा वाटला. तो त्याचाच होता.

जिन्यात पावलं वाजली. वरच्या मजल्यावरचे काका कचऱ्याची बादली घेऊन खाली येत होते. अख्खी इमारत त्यांना बातमीपत्र म्हणायची. काका थांबले. बादली ठेवली. म्हणजे आता सुटका नाही.

"काय हो, किल्ली हरवली की बायकोनं बाहेर काढलं?"

"नाही नाही. असाच."

"असाच? दारासमोर? मघाशी वर जातानाही बघितलं तुम्हाला. मला वाटलं, मीटरवाला आलाय."

"जरा दम खातोय."

"खा, खा. वयच आहे." काका जवळ सरकले, आवाज उतरवला. "मास्तर कसाय?"

"आहे."

"आहे म्हणजे? अहो, त्याच्यापायी मी जिन्यात मोठ्यानं हसायचं सोडलं, आमची ही म्हणते, तुम्ही हल्ली तोंडात रुमाल धरून हसता. आणि तुम्ही मला नुसतं आहे म्हणून सांगता?"

"काका, एक विचारू? तुम्ही घरी जाता तेव्हा... म्हणजे खुशीत असलात, तर काय करता? दारात?"

काकांनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग बादली उचलली. "बरं वाटत नसेल तर आत जाऊन पडा हो," ते मऊ आवाजात म्हणाले, आणि दोन पायऱ्या उतरून पुन्हा वळले. "मी कुठे खुशीत येतो? मी भाजी घेऊन येतो."

पावलं खाली गेली. त्यानं कपाळ दाराला टेकवलं. लाकूड गार होतं. दाराच्या ह्या बाजूला असं उभं राहणं त्याला नवीन होतं, पण दुसऱ्या बाजूचं उभं राहणं तो जन्मभर विसरला नव्हता. लहानपणी वडिलांची सायकल खाली भिंतीला टेकल्याचा आवाज आला की घरातलं सगळं जागच्या जागी जायचं. रेडिओ बंद व्हायचा. आई पदर सारखा करून आत वळायची. तो आणि त्याचा भाऊ पुस्तक उघडायचे, मिळेल त्या पानावर. वडील मारकुटे नव्हते. ओरडायचेही नाहीत. यायचे, टोपी खुंटीला लावायचे, आणि कुणाकडेही न बघता हात धुवायला जायचे. एकदा, फक्त एकदा, त्याला कसलंसं बक्षीस मिळालं होतं आणि तो पळत दारात गेला होता. वडील टोपी काढता काढता थांबले. त्यांच्या तोंडावर काहीतरी यायला लागलं, वर यायला लागलं, आणि मग ते त्याच्या डोक्यावरून मागे बघायला लागले, आणि म्हणाले, "पाय धुतलेस का?" त्याला तेव्हा वाटलं होतं, बाबा रागावले. आता, दाराला कपाळ लावून, त्याला वाटलं, त्यांनाही कदाचित कुणीतरी सांगितलं असेल. कोण जाणे कुणी. पण मास्तरच्या जातीसारखंच हेही त्याच घरात फिरत राहिलं असणार, रक्त बाहेर न जाता. वडिलांचं आवरून धरणं, मग त्याचं, आणि आता मुलीचं ते ठीक. फरक इतकाच की कुत्र्याचा आनंद अंगावर तरी दिसत होता.

आणि खरं बोलायचं तर डॉक्टरीणबाईंचं पथ्य त्याला कधी जड गेलंच नव्हतं. बायकोला गेलं. ती मुळात हसरी. लग्नाच्या सुरुवातीला ती भांडी घासता घासता स्वतःशीच काहीतरी आठवून इतकी हसायची की साबणाचा फेस उडायचा. तिनं ते हळूहळू बंद केलं, नळ घट्ट करावा तसं. त्याला मात्र मास्तरनं जन्मभराची सबब दिली. आता कुणी विचारलं, इतका कोरडा का राहतोस, तर उत्तर होतं, कुत्र्याची प्रकृती. आणि तरीही रोज संध्याकाळी मीटरकडे बघताना तो डोळ्याच्या कोपऱ्यातून मास्तरच्या मागच्या पायांकडे बघायचा. जरा तरी ताठ झाले का? बायको बाहेरून आली तर मास्तर थोडा लंगडायचा, एवढंच. तो आला तर पार कोलमडायचा. "मी दिवसभर घरात असते, माझं काय कौतुक," बायको म्हणायची, पण तिचं तोंड बारीक व्हायचं. एकदा ती मुद्दाम दोन दिवस बहिणीकडे राहून आली. मास्तर तिला बघून पुरता आडवा पडला. त्या रात्री जेवताना ती नुसती वाढत राहिली, आणि तिची मान अशी ताठ होती की जणू तिनंच स्पर्धा जिंकली असावी.

मग यंदा मास्तर फिरायला नेलं की पुन्हापुन्हा पाय वर करायला लागला, आणि लघवी येईना. मग थेंबथेंब आलं ते गुलाबी. त्याच्या पोटात जे वाढत होतं त्याला आनंदाशी काही कर्तव्य नव्हतं. ते आपलं वाढत होतं, सुट्टी न घेता. औषधानं काही महिने बरे गेले. मग मास्तरनं दाराकडे पळत येणं सोडलं, मग उठून येणं सोडलं. तो आला की मास्तर आता पडल्या जागेवरून भुवया वर करायचा. आखडणं कधी थांबलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. एक दिवस बायको म्हणाली, "बऱ्याच दिवसांत पडला नाही हो," आणि क्षणभर दोघांनाही वाटलं, बरा होतोय. मग दोघांनी एकदमच दुसरीकडे बघितलं. काल सोनोग्राफीला तिनं मास्तरला उचलून टॅक्सीत ठेवलं, आणि आज म्हणाली, "तुम्हीच जा. मला नाही ऐकायचं."

त्यानं कपाळ दारापासून काढलं. ओठ वर नेऊन बघितले. कुठवर न्यायचे? स्वतःची रेघ त्याला ठाऊक नव्हती, ती कधी कुणी मारलीच नव्हती. गाल दुखायला लागले. त्यानं छाती भरून श्वास घेतला, किल्ली फिरवली, आणि दार धाडकन ढकललं. ते भिंतीवर आपटून परत आलं आणि त्याच्याच कोपराला लागलं.

"मास्तर!" तो ओरडला. आवाज मधेच चिरकला. "अरे लबाडा! कुठेयस? मी आलो! बघ, मी आलो!"

मास्तर खिडकीखाली उन्हाच्या चौकोनात, घडी घातलेल्या चादरीवर पडला होता. त्यानं डोकं उचललं. भुवया वर केल्या. तो दोन्ही हात वर करून पुढे गेला, मांड्यांवर थापा मारल्या, एका पायावर जरा नाचल्यासारखं केलं, पिशवी हवेत उडवली आणि ती त्याला झेलता आली नाही. मास्तर बघत होता. शेपूट एकदा हलली, अर्धी. वर्गात मागच्या बाकावरच्या ढ पोरानं काहीतरी भलतंच उत्तर द्यावं आणि मास्तरांनी त्याला न रागावता, नुसतं बघत राहावं, तसा मास्तर बघत राहिला. त्याचे पाय मऊच राहिले. झालं, त्याच्या मनात आलं. हात अजून वरच होते, दात उघडे होते, आणि झालं.

"काय झालं?" बायको स्वयंपाकघराच्या दारात आली होती, हातांना कोपरापर्यंत कोरडं पीठ. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. इतक्या वर्षांत त्या तोंडावर तिनं असं काही बघितलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत आधी भीती आली, मग भीती थांबली आणि तिच्या मागून दुसरंच काहीतरी यायला लागलं. "अहो... कमी झाली गाठ?"

त्यानं तोंड मिटायला पाहिजे होतं. पण गाल त्या जागी अडकल्यासारखे झाले होते.

"कमी झाली ना? बाईंनी सांगितलं? अगं आई गं!" आणि ती हसली. ते जुनं हसणं, फेस उडवणारं. त्याला वाटलं होतं ते आटून गेलं असेल, पण ते तसंच्या तसं होतं, आतल्या आत ठेवलेलं. तिनं पिठाच्या हातांनी टाळी वाजवली, पांढरा ढग उडाला. "मास्तर! ऐकलंस का रे राजा? ऐकलंस का तू?"

मास्तर उठला. आधी पुढचे पाय, मग मोठ्या कष्टानं मागचे. दोन पावलं तिच्याकडे टाकली. मागचे पाय ताठ झाले. पाठ वर आली, कमानीसारखी, अंगावरची सैल कातडी ताणली गेली, आणि तो कलंडला, चारही पाय लाकडासारखे, आणि शेपूट फरशीवर वाजायला लागली, टपटप टपटप.

दोघंही सवयीनं भिंतीकडे वळली. बायकोचा श्वास अजून हसण्यानं वरखाली होत होता. तिनं तो दाबला आणि भिंतीला सांगितलं, "गॅस संपत आलाय."

त्याला त्याच सुरात उत्तर द्यायचं होतं. त्या सुरात त्याचं वर्षानुवर्षं पाण्याबद्दल, लोहाराबद्दल बोलून झालं होतं. "गाठ कमी नाही झाली," तो भिंतीला म्हणाला. "वाढलीय."

भिंतीवर उन्हाचा तुकडा होता. त्यात पीठ खाली बसत होतं.

"मग तुम्ही हसत का आलात?" तिनं विचारलं. सूर तसाच, रटाळ, डाळ निवडल्यासारखा.

"हसत जा म्हणाल्या. त्याला आनंद होतो का बघायचं होतं. नाही झाला, तर आज संध्याकाळी आणा म्हणाल्या."

"झाला की."

"झाला," तो म्हणाला. मग म्हणाला, "तुझ्यामुळे."

मागे शेपटीचा आवाज हळू झाला, थांबला. पाय फरशीवर टेकल्याचा आवाज आला. दोघांनी वळून बघितलं. मास्तर सैल होऊन कुशीवर पडला होता, धापा टाकत, तिच्याकडे बघत. त्याच्याखालून फरशीवर पाणी पसरत होतं, आणि ते आता गुलाबी नव्हतं, लाल होतं.

तिनं ओट्यावरचं फडकं आणलं. खाली बसून पुसायला लागली. तो उभाच होता. बरं वाटायला पाहिजे होतं, त्याच्या मनात आलं. आनंद झाला तर थांबू, असं बाई म्हणाल्या होत्या. म्हणजे आज नाही. आज संध्याकाळी नाही. "थांबायचं म्हणाल्यात," तो म्हणाला. "झाला आनंद, तर थांबू काही दिवस."

"कशाची वाट बघत?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही दिवस थांबायचं, तो कशानंच खूष होईनासा झाला की मग न्यायचं. असंच ना?" तिनं फडकं पिळलं नाही, तसंच बाजूला ठेवलं. हात मास्तरच्या दाढीत घातला. दाढीला पीठ लागलं. "आयुष्यभर ह्याला आनंद होऊ दिला नाही आपण. पडेल म्हणून. आता सगळा संपेपर्यंत वाट बघायची होय?"

त्यानं बाजूला पडलेल्या लाल फडक्याकडे बघितलं.

"आत्ता नेऊ," ती म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता खूष आहे तो."

ती उठली, हात न धुताच पायात चपला घातल्या. त्यानं वाकून मास्तरला उचललं, एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. आखूड पायांचं ते कुत्रं नेहमीच दिसायचं त्यापेक्षा जड लागायचं, आता लागलं नाही. बायकोनं दार उघडून धरलं.

"आणि तोंड पाडू नका," ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, मोठ्यानं, जिन्यात घुमेल असं. "मघाचं ते वाईट होतं हो, फारच वाईट, पण तसंच चालू ठेवा. बोला त्याच्याशी."

"काय बोलू?"

"काहीही. पाण्याचं सोडून."

"मास्तर," तो म्हणाला, "चला. फिरायला. अहो मास्तर, फिरायला जायचं ना?" जिन्याच्या खिडकीतून बाहेरची हवा आली. मास्तरनं नाक वर केलं, आणि त्याच्या हातांत ते अंग ताठ व्हायला लागलं, आधी मागचे पाय, मग पाठ, होताहोता सगळं. त्याच्या छातीला शेपूट लागत होती. इतकी वर्षं ह्या वेळी तो दुसरीकडे बघत आला होता. आज त्यानं बघितलं. भुवयांखाली डोळे उघडे होते, आणि त्यांत गृहपाठाचं काहीही नव्हतं.

"बोला ना," बायको एक पायरी खालून म्हणाली. "थांबू नका."

तो बोलत राहिला.